अनुदानाचे एकक : भारतातील स्वच्छ ऊर्जेच्या शासकीय प्रोत्साहन योजनांचा ऐतिहासिक आढावा (१९७३ ते २०२४)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक इतिहासात सिंचन, खते, शेतीपंपांची वीज आणि शेतमालाचे भाव यांवरील शासकीय अनुदानांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने गोबरगॅस, निर्धूर चूल, पवनचक्की, सौरऊर्जा आणि ऊर्जाबचत यांसाठी शासनाने दिलेले अर्थसाहाय्य हा विषय बराचसा अभियंते आणि अर्थतज्ज्ञ यांच्याकडेच राहिला. वस्तुतः हा विषय इतिहासाचाही आहे. या योजनांनी अर्धशतकाच्या काळात ग्रामीण भागातील लक्षावधी घरांत प्रवेश केला, पठारांचे आणि डोंगरमाथ्यांचे रूप पालटले, उद्योगांच्या हिशेबवह्यांवर परिणाम केला आणि शासनसंस्था व नागरिक यांच्यात एक नवे नाते निर्माण केले.

कोणतेही अनुदान देताना शासनाला काहीतरी मोजावे लागते. पैसे कशाबद्दल दिले याची नोंद ठेवल्याशिवाय शासकीय तिजोरीतून रक्कम बाहेर पडत नाही. कधी बांधलेली संयंत्रे मोजली गेली, कधी वाटलेल्या चुली, कधी गुंतवलेले रुपये, कधी निर्माण झालेली विजेची युनिटे, तर कधी वाचवलेली ऊर्जा. या मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला प्रस्तुत निबंधात ‘अनुदानाचे एकक’ असे म्हटले आहे. योजनेचे यशापयश अनुदानाच्या रकमेपेक्षा या एककावर अधिक अवलंबून राहिले आणि शासनाने जे मोजले तेच प्रामुख्याने निर्माण झाले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी १९७३ नंतरच्या काही प्रमुख योजनांचा कालानुक्रमे विचार केला असून महाराष्ट्राचा संबंध जेथे प्रत्यक्ष येतो तेथे त्याची विशेष दखल घेतली आहे.

योजनांपूर्वीचे प्रयोग

भारतातील स्वच्छ इंधनाचे प्रयोग शासकीय योजनांच्या आधीचे आहेत. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात मैल्यापासून वायू निर्माण करण्याचे संयंत्र १८९७ च्या सुमारास उभारले गेले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ हे संयंत्र तयार केले आणि पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारून त्याचा प्रसार केला.

महाराष्ट्रात या प्रयोगांना स्वच्छतेच्या चळवळीची जोड मिळाली. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात भंगीमुक्ती, शौचालय, खत आणि वायू यांचा एकत्र विचार केला. त्याच विचारपरंपरेत देहू येथे डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांचे काम अनेक वर्षे चालविले. या मंडळींच्या दृष्टीने संयंत्र हे साधन होते, तर गावाचे आरोग्य आणि माणसाची प्रतिष्ठा हे साध्य होते. किती संयंत्रे बांधली, यापेक्षा ती वापरात राहिली की नाही, हाच त्यांचा स्वाभाविक प्रश्न होता. पुढे शासनाने हेच काम हाती घेतले तेव्हा या प्रश्नाचे स्थान बदलले.

तेलसंकट आणि संस्थात्मक चौकट

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांतच पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ११ ते १२ डॉलरपर्यंत चढली. भारताच्या परकीय चलनावर ताण आला. रॉकेल आणि डिझेल महागले. त्याच वेळी ग्रामीण भागातील सरपणाचा तुटवडा आणि वनांचा ऱ्हास हे प्रश्नही पुढे येत होते. १९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर मार्च १९८१ मध्ये केंद्र शासनाने ऊर्जेच्या अतिरिक्त स्रोतांसाठी आयोग नेमला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा स्रोत विभाग स्थापन केला. १९९२ मध्ये या विभागाचे स्वतंत्र मंत्रालय झाले व २००६ मध्ये त्याला नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे नाव मिळाले. कर्जपुरवठ्यासाठी १९८७ मध्ये ‘इरेडा’ ही संस्था उभी राहिली. राज्यपातळीवर महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण म्हणजे आजची ‘महाऊर्जा’ याच दशकात कार्यरत झाली.

ही चौकट उभी राहिली तेव्हा पंचवार्षिक योजनांची कार्यपद्धती स्थिरावलेली होती. केंद्राने वार्षिक उद्दिष्ट ठरवायचे, ते राज्यांना वाटून द्यायचे, राज्यांनी जिल्ह्यांना आणि जिल्ह्यांनी तालुक्यांना द्यायचे, आणि मार्चअखेर उद्दिष्टपूर्तीचा अहवाल याच वाटेने वर पाठवायचा, असा हा क्रम होता. कुटुंबनियोजन, विहिरी, वृक्षलागवड या सर्व कार्यक्रमांना तो लागू होता. ऊर्जेच्या योजनाही त्याच साच्यात घातल्या गेल्या.

गोबरगॅस : बांधलेल्या संयंत्रांची मोजणी

राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला. त्यात संयंत्राच्या आकारमानानुसार आणि लाभार्थ्याच्या प्रवर्गानुसार केंद्रीय अनुदान ठरविले जाई. अल्पभूधारक, अनुसूचित जाती व जमाती, तसेच डोंगराळ प्रदेशातील लाभार्थी यांना अधिक दर होता. शौचालय जोडल्यास जादा रक्कम मिळे. तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र महाग पडत असे, टाकी गंजत असे आणि तिला नियमित रंग द्यावा लागे. त्यावर उपाय म्हणून १९७८ च्या सुमारास उत्तर प्रदेशात स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र व १९८४ मध्ये त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’ संयंत्र विकसित झाले. इ. स. २००० पर्यंत देशात सुमारे ३० लाख कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली आणि पुढे ही संख्या ५० लाखांच्या जवळपास गेली. संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला.

ही कामगिरी लहान नाही. ज्या घरात संयंत्र नीट चालले तेथे स्त्रियांचे सरपण गोळा करण्याचे व गोवऱ्या थापण्याचे श्रम कमी झाले, स्वयंपाकघरातील धूर गेला आणि शेताला चांगले कुजलेले खत मिळाले. परंतु बांधलेले संयंत्र आणि चालणारे संयंत्र यांत अंतर राहिले. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि साधारण तेवढेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत आणि उन्हाळ्यातही पाण्याची सोय हवी. दुष्काळात जनावरे विकली गेली, विभक्त कुटुंबात दावण लहान झाली, घुमटाला चीर गेली किंवा नळीत पाणी साचले, की संयंत्र बंद पडे. नोंदवहीत मात्र ते ‘पूर्ण’ म्हणून कायम राही, कारण अनुदानाचा शेवटचा हप्ता बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर दिला गेलेला असे.

या एककाचा दुसरा परिणाम सामाजिक होता. संयंत्र बांधणे हाच निकष असल्याने ते बांधू शकणाऱ्यांपर्यंत, म्हणजे जनावरे, परसदार आणि थोडे भांडवल असलेल्या शेतकऱ्यांपर्यंतच अनुदान पोहोचले. रस्त्यावर आणि कुरणात पडलेले शेण वेचून त्यावर चूल पेटविणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना या योजनेतून काही मिळाले नाही. उलट शेणाला मोल आल्यामुळे त्यांना फुकट मिळणारे इंधन दुर्मिळ होईल, हा आक्षेप १९७० च्या दशकातच घेतला गेला होता.

शासनाने या अनुभवातून काहीच बोध घेतला नाही असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. संयंत्र उभारून देणाऱ्या कारागिराला किंवा संस्थेला दिल्या जाणाऱ्या शुल्काला काही वर्षांच्या मोफत देखभालीची अट जोडण्यात आली. प्रथम ही हमी ३ वर्षांची होती, पुढे ती वाढविण्यात आली. बंद संयंत्रांच्या दुरुस्तीसाठीही तरतूद झाली. एककात वापराचा अंश मिसळण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

निर्धूर चूल : वाटपाची मोजणी

सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा इतिहास याहून अधिक बोलका आहे. १९८३ च्या अखेरीस प्रात्यक्षिकांच्या रूपाने सुरू झालेला हा कार्यक्रम लवकरच देशव्यापी झाला. त्याची उद्दिष्टे तीन होती : सरपणाची बचत, धुरापासून मुक्तता आणि वनांचे रक्षण. चुलीच्या किमतीचा निम्मा किंवा त्याहून अधिक भार शासन उचलत असे. चूल बांधून देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला प्रत्येक चुलीमागे मेहनताना मिळे. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम थांबवून तो राज्यांकडे सोपविला, तोपर्यंत देशात सुमारे ३.५ कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या.

मातीच्या चुलीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते. ती फुटते, लिंपावी लागते, तिचे धुराडे साफ करावे लागते. म्हणजे एकदा बसविलेली चूल मोजून त्या घराचा प्रश्न सुटला असे मानता येत नाही. मेहनताना चुलीमागे असल्याने चुली भराभर बसविण्याकडे कल झुकला. चूल कोणत्या उंचीवर हवी, भाकरीच्या तव्यासाठी तोंड केवढे हवे, धुराडे कौलातून काढले तर पावसाळ्यात काय होईल, हे विचारायला वेळ कमी पडला. अनेक घरांत नवी चूल कोपऱ्यात राहिली आणि जुनीवर भाकरी भाजली गेली. ज्या गृहिणीसाठी ही योजना होती तिचा चुलीविषयीचा अभिप्राय उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यात कोणत्याही रकान्यात नोंदविला जात नव्हता.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेचे तांत्रिक साहाय्य लाभले. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी यांसारखे चुलींचे प्रकार कुंभारांच्या हाती दिले गेले. अनुदान बंद झाल्यानंतरही काही कुंभार त्या चुली तयार करून बाजारात विकत राहिले, ही घटना महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तरच कुंभाराचा धंदा चालतो. म्हणून चूल टिकते का, भाकरी नीट भाजते का, हे त्याला विचारावेच लागते. शासकीय तक्त्यात नसलेला रकाना बाजाराने आपोआप भरला. अर्थात, ज्या घराला चूल विकत घेणे शक्य नव्हते ते घर या व्यवहाराबाहेरच राहिले, हेही विसरून चालणार नाही.

पवनचक्की : गुंतवलेल्या रुपयांची मोजणी

गोबरगॅस आणि चूल या घरगुती योजना होत्या. पवनऊर्जेच्या बाबतीत लाभार्थी उद्योगसमूह होते आणि अनुदानाचा मार्ग आयकराचा होता. तरीही एककाचा प्रश्न तोच राहिला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर प्रात्यक्षिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यासाठी देवगडची निवड झाली. खासगी गुंतवणूक आकर्षित करण्यासाठी १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा आकारण्याची मुभा देण्यात आली.

या वेगवर्धित घसाऱ्याचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या नफ्यातील कंपनीने १ कोटी रुपयांची पवनचक्की घेतली आणि कराचा दर ४० टक्के आहे. संपूर्ण १ कोटी रुपये त्या वर्षीच्या नफ्यातून वजा झाल्याने कंपनीचा त्या वर्षीचा ४० लाख रुपयांचा कर टळतो. पुढील वर्षांत घसारा उरत नसल्याने त्यातील काही भार परत येतो, पण तोवर ही रक्कम कंपनीच्या हाती खेळती राहते. पवनचक्कीने वीज किती निर्माण केली याचा या सवलतीशी संबंध नव्हता.

परिणाम लगेच दिसला. १९९५-९६ या एका वर्षात देशात सुमारे ३८० मेगावॉट क्षमतेची भर पडली, त्यातील मोठा भाग तमिळनाडूत होता. १९९६ च्या अर्थसंकल्पात किमान पर्यायी कर आला, पाठोपाठ कंपनी कराचे दर उतरले आणि करबचतीचे आकर्षण घटले. १९९७-९८ मध्ये वार्षिक भर १०० मेगावॉटच्याही खाली आली. वारा तोच होता, जागा त्याच होत्या, बदलला होता तो कर.

कराचे पंचांग आणि वाऱ्याचे पंचांग यांतील विसंगतीही लक्षणीय आहे. आयकराच्या नियमानुसार मालमत्ता आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून सप्टेंबरअखेरीस पवनचक्की सुरू करण्याची लगबग होई आणि पुन्हा मार्चअखेरीस उरलेल्यांची. महाराष्ट्रात जोराचा वारा प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या मोसमी काळात वाहतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेल्या पवनचक्कीला त्या वर्षीची संपूर्ण करसवलत मिळे, परंतु त्या वर्षीचा वारा मात्र निघून गेलेला असे.

साताऱ्याच्या पठारावरील अनुभव

महाराष्ट्रात हा इतिहास सातारा जिल्ह्यात सर्वाधिक स्पष्टपणे वाचता येतो. १९९८ च्या सुमारास राज्य शासनाने पवनऊर्जा प्रकल्पांना गुंतवणुकीशी निगडित विक्रीकर सवलत दिली. केंद्राचा घसारा आणि राज्याचा विक्रीकर अशी दुहेरी सवलत मिळताच पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि सातारा तालुक्यातील चाळकेवाडी येथील पठारांवर अल्पावधीत शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मार्च २००२ पर्यंत राज्याची स्थापित क्षमता सुमारे ४०० मेगावॉट झाली. पुढील दोन वर्षांत मात्र ही वाढ जवळजवळ थांबली. सवलतींचे आणि वीज खरेदी दराचे भवितव्य अनिश्चित होते व केंद्राने घसाऱ्याचा दरही ८० टक्क्यांवर आणला होता.

नोव्हेंबर २००३ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नव्या प्रकल्पांच्या विजेसाठी पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर जाहीर केला. हा आदेश या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. येथे एकक बदलले. आता प्रत्येक युनिटला भाव होता आणि तो अनेक वर्षांसाठी निश्चित होता. २००५-०६ मध्ये राज्यात ५०० मेगावॉटहून अधिक भर पडली आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यासारखे नवे प्रदेश पवनऊर्जेच्या नकाशावर आले. घसाऱ्याची सवलत याही काळात चालू होती, त्यामुळे या वाढीचे सर्व श्रेय एकट्या दराला देता येणार नाही. तथापि दीर्घ मुदतीचा निश्चित दर मिळाल्यावर गुंतवणूकदाराला वाऱ्याची प्रत आणि यंत्राची देखभाल यांकडे पाहणे भाग पडले.

या सर्व हिशेबांत पठारावरील गावांचे स्थान कोठे होते? घसारा कंपनीला मिळाला, विक्रीकर सवलत कंपनीला मिळाली, युनिटचा दरही कंपनीलाच मिळाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना बहुधा एकदाच किंमत मिळाली. २००० नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात असा समज सातारा, सांगली आणि धुळे भागात पसरला होता. त्याला वैज्ञानिक आधार नाही. पण डोळ्यांसमोर फिरणाऱ्या पात्यांचा आपल्या जगण्याशी काही लाभाचा संबंध नाही, ही भावना त्या समजामागे होती, असे इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणता येईल.

उत्पादित युनिटांची मोजणी

हा अनुभव केवळ भारताचा नव्हता. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियामध्ये गुंतवणुकीवरील करसवलतींमुळे पवनचक्क्यांची लाट आली. त्यांतील अनेक यंत्रे लवकरच निकामी झाली आणि सवलती संपताच ती लाट ओसरली. १९९२ च्या कायद्याने तेथे उत्पादित युनिटवर १० वर्षे करसवलत देण्याची पद्धत आणली. जर्मनीत १९९१ पासून अमलात आलेल्या कायद्याने वीज कंपन्यांना नवीकरणीय वीज ठरावीक दराने घेणे बंधनकारक केले. तिन्ही देशांत प्रोत्साहनाचा रोख यंत्राकडून विजेकडे वळला.

भारतात केंद्र शासनाने डिसेंबर २००९ मध्ये पवनऊर्जेसाठी उत्पादनाधारित प्रोत्साहन सुरू केले. जाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, आणि मेगावॉटमागे कमाल ६२ लाख रुपये, असे त्याचे स्वरूप होते. वेगवर्धित घसारा घेणाऱ्याला हे प्रोत्साहन मिळत नसे. दोहोंपैकी एक निवडायचे होते. ज्यांना वाचविण्यासारखा मोठा कर नव्हता अशा स्वतंत्र वीजनिर्मात्यांना त्यामुळे या क्षेत्राचे दार उघडले. २०१२ च्या मार्चअखेरीस उत्पादनाधारित प्रोत्साहनाची मुदत संपली आणि वेगवर्धित घसाराही थांबला. २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॉट असलेली वार्षिक भर पुढील वर्षी सुमारे १,७०० मेगावॉटवर आली. पुढे २०१३ आणि २०१४ मध्ये दोन्ही सवलती पुन्हा देण्यात आल्या. २०१७ मध्ये उत्पादनाधारित प्रोत्साहन संपले, घसाऱ्याचा दर ४० टक्क्यांवर आला आणि दर लिलावाने ठरू लागले.

सौरऊर्जेत लिलावाची पद्धत आधीच आली होती. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात जो कमी दराने वीज देईल त्याला करार मिळू लागला. सुमारे १८ रुपये युनिट या नियामक दरापासून सुरू झालेला हा प्रवास २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैशांपर्यंत आला. यात जागतिक बाजारातील घसरत्या किमतींचा वाटा मोठा होता. तरीही एकक युनिट असल्यामुळे त्या घसरणीचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

बचतीची मोजणी

ऊर्जाकार्यक्षमतेच्या क्षेत्रात एककाचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण न वापरलेली वीज दिसत नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. या ब्यूरोच्या ‘पॅट’ योजनेच्या पहिल्या चक्रात, म्हणजे २०१२ ते २०१५ या काळात, ८ उद्योगक्षेत्रांतील ४७८ कारखान्यांना उत्पादनामागे लागणारी ऊर्जा कमी करण्याचे लक्ष्य दिले गेले. लक्ष्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्यांना विकता येण्याजोगी प्रमाणपत्रे मिळाली. सुमारे ६७ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे लक्ष्य होते, प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टनांची नोंद झाली. कारखान्यात मोजमापाची यंत्रे आणि लेखापरीक्षण असल्याने बचत हे एकक वापरता आले.

घरगुती क्षेत्रात जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेने वेगळा मार्ग घेतला. शासनाने थेट अनुदान न देता देशभराची मागणी एकत्र करून एलईडी दिव्यांची खरेदी केली. २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेली खरेदीची किंमत दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरली आणि पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. ही योजना यशस्वी मानली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या बचतीचे आकडे हे मुख्यतः दिव्यांच्या संख्येवरून काढलेले अंदाज आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जुना प्रश्न, नव्या योजना

चुलीचा प्रश्न मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेच्या रूपाने पुन्हा राष्ट्रीय पटलावर आला. येथे इंधन नवीकरणीय नव्हते, पण धुरापासून मुक्ती हे उद्दिष्ट तेच होते. गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी, आणि जोडणीची संख्या हे एकक. सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील कार्यक्रमात ८ कोटींचा टप्पा पूर्ण झाला. परंतु लाभार्थी कुटुंबे वर्षाला सरासरी सुमारे तीनच सिलिंडर भरून घेत असल्याचे दिसून आले. सिलिंडर संपला की सरपण पेटत राहिले. मे २०२२ पासून शासनाने या कुटुंबांना प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये साहाय्य दिले. जोडणीकडून वापराकडे झालेला हा बदल म्हणजे निर्धूर चुलीच्या काळात न विचारलेल्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमतेच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. महाराष्ट्राच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के, भरावयाचे आहेत. दोन्ही ठिकाणी अनुदानाचे एकक पुन्हा बसविलेला संच हे आहे. छपरावरील संचाला वीजमापक जोडलेला असल्याने वापराची नोंद आपोआप होते, ही जमेची बाजू आहे. ती नोंद योजनेच्या मूल्यमापनात किती येते, यावर पुढचे अवलंबून राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी समोर येतात. प्रथम, अनुदानाचे एकक हे योजनेचे खरे उद्दिष्ट बनते. कागदोपत्री उद्दिष्ट धूरमुक्ती किंवा वीजनिर्मिती असले, तरी यंत्रणा मोजल्या जाणाऱ्या गोष्टीमागे धावते. दुसरे, बांधकाम किंवा गुंतवणूक मोजणाऱ्या योजनांत वाढ झपाट्याने होते आणि सवलत हटताच ती तितक्याच झपाट्याने ओसरते. उत्पादन किंवा वापर मोजणाऱ्या योजनांत देखभालीला महत्त्व येते.

परंतु यावरून भांडवली अनुदान सरसकट वाईट ठरत नाही. उत्पादनाधारित प्रोत्साहन हे प्रथम स्वतःचे पैसे घालू शकणाऱ्यालाच उपयोगी पडते. दोन गाई असलेल्या शेतकऱ्याला किंवा मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला आरंभीचा खर्चच झेपत नाही. त्यांना वापरानंतर पैसे देऊ असे सांगणे म्हणजे त्यांना योजनेबाहेर ठेवणे होय. म्हणून ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांना आरंभी साहाय्य आणि त्यातील काही भाग साधन चालू राहिल्यावर, अशी विभागणी इतिहासाच्या कसोटीवर अधिक टिकणारी दिसते. बायोगॅसच्या देखभाल हमीत आणि उज्ज्वलाच्या सिलिंडरमागील साहाय्यात तिची बीजे आहेत.

शेवटचा मुद्दा इतिहासलेखनाच्या साधनांविषयीचा आहे. या योजनांची आपल्याला उपलब्ध असलेली कागदपत्रे, म्हणजे लाभार्थी याद्या, उद्दिष्टपूर्तीचे अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्रे, ही अनुदानाच्या एककातच लिहिली गेली आहेत. किती बांधले हे ती सांगतात, किती चालले हे सांगत नाहीत. केवळ त्यांवर विसंबून लिहिलेला इतिहास हा उद्दिष्टपूर्तीचाच इतिहास ठरेल. ही उणीव भरून काढण्याचे साधन महाविद्यालयांच्या हाताशी आहे. १९८० च्या दशकात संयंत्रे आणि चुली घेतलेल्या स्त्रियांची पिढी अजून आपल्यात आहे. इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आपापल्या परिसरातील एकेका गावाची जुनी लाभार्थी यादी घरोघर पडताळून पाहिली आणि त्या स्त्रियांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या, तर तक्त्यातील रिकामा रकाना काही अंशी भरता येईल. हे काम आणखी दहा-पंधरा वर्षांनी करू म्हटल्यास सांगणारे उरणार नाहीत.